पुलावरचा सांधा

"काका, हात पुढे करा. असे नाही, पालथे. आणि जरा इकडे सरका, उजेडात."

काका सरकले आणि त्यांनी हात पुढे केले. मिस्त्रीने बाकावरच्या वर्तमानपत्राचा एक कोपरा टरकावला आणि काकांच्या उजव्या हाताच्या पाठीवर अलगद ठेवला. कागद फडफडला. उगाच थोडासा नाही, चांगला फडफडला आणि उडून खाली पडला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मिस्त्री म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे काका. थरथरताय ते तुम्ही. बॅलन्सिंग करायचंच असेल तर तुमचं करायला हवं, आणि ते माझ्याकडे होत नाही, दवाखान्यात होतं."

बाकावर ताटकळत बसलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. काकांना न्यायला आलेला त्यांचा मुलगा फाटकात मोटरसायकलवर बसूनच सगळं बघत होता, तोही हसला. आधी कसनुसा आणि मग मोकळेपणाने. काका मात्र खाली पडलेल्या कागदाकडे बघत राहिले. भिंतीवरचा पंखा नेमका त्यांच्या अंगावर येत होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मिस्त्रीच्या आलं होतं. त्यानेच तर त्यांना तिथे सरकवलं होतं.

तसं बघायला गेलं तर मिस्त्री काही दुष्ट माणूस नव्हता. कामाला वाघ होता. गाडीचा पुढचा भाग, म्हणजे स्टिअरिंग, चाकं, त्यांना जोडणारे दांडे आणि सांधे, एवढ्यातच त्याने जन्म घालवला होता. दुसऱ्या गॅरेजवाल्यांना उमगलं नाही की ते गाडी त्याच्याकडे पाठवत. पण माणसाचं नाव झालं की त्याला नावाचीच काळजी जास्त लागते. मिस्त्री एकदा "दोष नाही" म्हणाला की त्या गाडीत दोष नसे, आणि असलाच तर तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात असे. जीभ तर अशी, की समोरच्याची सालटी काढून वर मीठ चोळील.

त्याची एक रीत होती. गाडी चालवून बघायची ती एकट्याने, आणि ती गॅरेजमागच्या सरळ रस्त्याने वखारीपर्यंत. गिऱ्हाइकाला शेजारी बसू द्यायचं नाही. "गिऱ्हाईक शेजारी असलं की गाडी खोटं बोलते," असं तो म्हणे. खरं कारण वेगळं होतं. शेजारी बसलेला माणूस प्रश्न विचारतो, आणि मिस्त्रीला प्रश्न आवडत नसत.

काकांची गाडी जुनी होती. उंच, दांडगी एसयूव्ही, दोन घरं फिरून त्यांच्याकडे आलेली. काका नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. उभा जन्म पाण्याच्या नळांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढले, म्हणून सगळे त्यांना नकाशेवाले काका म्हणत. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे अशी त्यांची ख्याती. आता वयाने हात थोडे हलत. कुणाचे हलत नाहीत? बायको मागेच गेलेली. नदीपलीकडे थोरली बहीण होती, अंथरुणाला खिळलेली, आणि दर आठवड्याला गाडी काढून तिच्याकडे जाऊन बसणं, एवढाच काकांचा संसार उरला होता.

तिकडे जाताना लागणाऱ्या नदीच्या पुलावर गाडी थरथरायची. काका पहिल्यांदा आले तेव्हा मिस्त्रीने चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट बघितली, वखारीपर्यंत नेऊन आणली आणि सांगितलं, काही नाही. काका परत आले. मिस्त्रीने टाय रॉडची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांची, टोकं बदलली. काका पुन्हा आले. या खेपेला त्यांनी धूळ बसलेल्या बॉनेटवर बोटाने पूल काढून दाखवला. हा उतार, हा पुलाच्या मधला लोखंडी सांधा, त्यावर डावं चाक वेगात आपटलं की सुरू होतं, स्टिअरिंग हातातून सुटू बघतं, आणि गाडी अगदी हळू केल्याशिवाय थांबत नाही. एरवी, साध्या रस्त्याला, काहीसुद्धा नाही. तेव्हा एकदा माझ्याबरोबर पुलावरून चला, असं ते अजिजीने म्हणत होते. नाहीतर मी आत बसून स्टिअरिंग हलवतो, तुम्ही खालून बघा, काही मदत होईल.

मिस्त्रीने फडकं घेऊन बॉनेट पुसून टाकलं. पुसताना त्याने बघितलं होतं, धुळीतली रेघ सुतासारखी सरळ होती. पण बाकावर माणसं बसली होती, आणि तिसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक म्हणजे नावाला बट्टा. "नाचता येईना अंगण वाकडं," तो मोठ्याने म्हणाला, आणि मग तो कागदाचा खेळ झाला.

आठ-पंधरा दिवसांत काकांचा मुलगा एकटाच गॅरेजात आला. गाडी काढून टाकायची होती. तुम्ही त्या दिवशी बरं केलंत मिस्त्री, तो म्हणाला, आम्ही केव्हापासून सांगत होतो, गाडी सोडा, पण आमचं कोण ऐकतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा गप्प बसले. मग तो रंगात येऊन घरचं सांगत बसला. किल्ली कपाटावर ठेवलीय, त्यांचा हात पोचत नाही. चहा आता अर्धाच कप देतो, सांडायला नको. धाकट्या नातीला उचलून घ्यायचे, तेही त्याच्या बायकोने बंद केलं. सगळं गुमान ऐकतात. कागद हातावर ठेवायची तुमची युक्ती तर घरी आल्यागेल्याला दाखवून होते, फार हसतात लोक.

मिस्त्रीही हसला. मग चेहरा पाडून म्हणाला की थरथरणारी म्हणून बोभाटा झालेली गाडी कोण घेणार? कुणी घेणार नाही. आणि जणू उपकार करतोय अशा थाटात भंगाराच्या भावाने ती स्वतःच घेतली. इंजिन उत्तम होतं, पत्रा शाबूत होता. दुसरी किल्ली कुठे हरवलीय ती सापडत नाही, असं मुलगा म्हणाला. मिस्त्री म्हणाला, राहू द्या, एकीने भागेल.

गाडी मिस्त्रीच्या दारात आली आणि बायकोला हुरूप आला. गाडीला पॉलिश झालं, सीटना नवी कव्हरं आली. मिस्त्री बाजारात जाई, वखारीपर्यंत जाई, आणि गाडी कशी लोण्यासारखी चालते हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. वर काकांची नक्कल करून दाखवे, दोन्ही हात पुढे करून, बोटं लटलट हलवत. नदीपलीकडे जायचं काम त्याला पडलं नाही. ते पडलं तीन-चार महिन्यांनी, बायकोच्या भावाच्या घरी बोलावणं आलं तेव्हा.

भर दुपार होती. पुलाच्या उतारावर मागून एक ट्रक चिकटला म्हणून मिस्त्रीने वेग वाढवला. मधल्या सांध्यावर डावं चाक धाडकन आपटलं आणि मग जे सुरू झालं त्याला थरथर म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं. स्टिअरिंग त्याच्या हातात डावी-उजवीकडे असे हिसडे देऊ लागलं की मनगटं निखळतील. पुढची चाकं जणू गाडीखालून पळून जायला बघत होती. काचा खडखडत होत्या, समोरचा खण उघडून आतलं सामान बायकोच्या पायांवर पडलं, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि ज्याच्या नावाने दुसरे गॅरेजवाले गाड्या पाठवत तो मिस्त्री दातओठ खाऊन नुसता लोंबकळत होता. गाडी पार हळू झाली, कठड्याला जवळजवळ घासली, तेव्हा एकदाची ती शांत झाली. ट्रकवाला शिवी घालून पुढे गेला.

 बायकोने वाकून पडलेलं सामान गोळा केलं, खणात भरलं, खण लावला. मग समोर बघतच म्हणाली, "एवढे जोरात हलत होते का हो काकांचे हात?"

 मिस्त्री म्हणाला, रस्ता खराब आहे. ती म्हणाली, रस्ता तोच आहे. भावाच्या घरून परतताना मिस्त्रीने पूल टाळून लांबच्या वाटेने गाडी आणली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गॅरेजचं फाटक आतून लावून मिस्त्रीने बायकोला चालकाच्या जागेवर बसवलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि स्वतः खाली शिरला. ती स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहिली आणि तो बॅटरीचा उजेड पाडून बघत राहिला. पुढचा आख जागच्या जागी धरून ठेवणारा एक आडवा दांडा असतो. त्या दांड्याच्या टोकाला रबराचा बुश असतो. गाडी उभी असताना पहार घालून त्याने तो बुश काकांच्या पहिल्या खेपेलाच हलवून बघितला होता, तेव्हा तो बाहेरून नवाकोरा दिसला होता. आता वरून स्टिअरिंग हललं की चाकं हलायच्या आधी दांड्याचं टोकच टकटक उडत होतं. रबर आतून फाटून गेलेलं, आणि बोल्टचं भोक झिजून लांबट झालेलं. एकट्या माणसाला हे दिसणारच नव्हतं. एक वर लागतो, एक खाली. मी आत बसून हलवतो, असं काका म्हणाले होते.

"सापडलं?" बायकोने वरून विचारलं.

"सापडलं."

"मोठं आहे?"

"नाही," मिस्त्री खालून म्हणाला. "तळहाताएवढं आहे."

ती खाली उतरली आणि त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते त्यांच्यापाशी उभी राहून बोलली. त्या माणसाच्या घरी लोक त्याच्या हातावर कागद ठेवून हसतात, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत. आता जाऊन खरं सांगा. मुलगा घरात असताना सांगा, सून असताना सांगा. गाडी परत मागितली तर देऊन टाका, मला नको ती. मिस्त्री म्हणाला, सांगतो. ती म्हणाली, शपथ घ्या. तो म्हणाला, सांगतो म्हटलं ना.

आणि सांगायचं त्याच्या मनात होतं, हे खोटं नाही. आधी दुरुस्त करू आणि मग सांगू, एवढंच त्याने ठरवलं. दुरुस्त न करता जाणं बरं दिसलं नसतं. भोक भरून घेतलं, बुश नवा घातला, बोल्ट जाडा घातला. वेगात पुलावरून दोनदा नेली. सांध्यावर टक् असा आवाज आला आणि गाडी रेघेसारखी सरळ गेली. मग त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, आणि वाटेत वाक्य जुळवत काकांच्या घरी गेला. काका, दोष गाडीतच होता, माझं चुकलं. सोपं वाक्य होतं. तोंडात मात्र ते उलटून आलेल्या घासासारखं फिरत होतं.

मुलगा घरी नव्हता. सुनेने दार उघडलं. काका खिडकीशी खुर्चीवर बसले होते, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवरच्या पांघरुणाखाली घेतले होते. उकाडा चांगलाच होता. मिस्त्रीला बघून ते उठायला लागले तर सून म्हणाली, बाबा, सावकाश, आणि तिने त्यांचा दंड धरला. काकांनी तो धरू दिला.

"गाडी घेऊन आलात?" खिडकीतून खाली बघत काका म्हणाले. "चकाचक ठेवलीत की."

सून तिथेच उभी होती. मिस्त्रीने घसा साफ केला. पण वाक्य आलं ते दुसरंच. तो म्हणाला, चला काका, एक फेरी मारून येऊ. सून म्हणाली, लांब नेऊ नका आणि त्यांना चालवायला देऊ नका. मिस्त्री म्हणाला, छे, छे.

गाडीत बसल्यावर काकांनी समोरच्या खणावरून, दाराच्या मुठीवरून हात फिरवला आणि लगेच तो मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने दाबून धरला. थोडं पुढे गेल्यावर चोरट्या आवाजात म्हणाले, "पुलावरून नेता? तुम्ही शेजारी असताना एकदा बघायचं होतं मला. तेवढं राहूनच गेलं."

इथे सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि सांगायचं. पण मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे बाक आला, बाकावरची माणसं आली, दुसरे गॅरेजवाले आले. एका म्हाताऱ्याला समजलं काय, नाही समजलं काय. पण म्हातारा मुलाला सांगणार, मुलगा बाजारात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने गाडी पुलाकडे वळवली.

उतार लागला. वेग वाढला. काका पुढे सरकून बसले, डोळे रस्त्यावर. "आता," ते म्हणाले, "आता, हा सांधा."

टक्.

गाडी सरळ पुढे गेली. पूल संपला. पलीकडच्या वळणावर मिस्त्रीने गाडी सावलीला उभी केली.

"काहीच झालं नाही," काका म्हणाले.

"बघा," मिस्त्री म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे तोंड केलं. त्यांच्या नजरेत एवढी आशा होती की मिस्त्रीला ती बघवेना. "तुम्ही काही केलंत का हिला? काही बदललंत? खरं सांगा मिस्त्री. मला राग येणार नाही."

"काय करणार?" मिस्त्री म्हणाला. "धुतली फक्त."

काकांनी मान हलवली, दोनदा, तीनदा, एखादी बेरीज पुन्हा करून बघावी तशी. मग ते हसले. लाजून हसले.

"म्हणजे माझेच हात," ते म्हणाले. "बरं झालं, एकदाचं कळलं. मनात कुठेतरी वाटायचं, नसेल, गाडीच असेल. रात्रंदिवस तेच. उगाच तीन खेपा घालून तुमच्यासारख्याला त्रास दिला. माफ करा."

मिस्त्री म्हणाला, माफी कसली, वयाचा धर्म आहे. मग त्याने विचारलं, आलोच आहोत तर बहिणीला भेटून यायचं का, घर जवळच असेल ना. काका म्हणाले की ताई गेली, मागच्या महिन्यात. मुलगा नेतो नेतो म्हणत होता, त्याला काही सवड झाली नाही, आणि बसने एकटं जायला घरचे सोडत नव्हते. फोनवर मात्र बोलणं व्हायचं. "शेवटी शेवटी फार बोलवायची. म्हणायची, तू आपला हळूहळू गाडी घेऊन ये रे. मी तिला म्हटलं, अगं, हात थरथरतात माझे. ती म्हणाली, कुणी सांगितलं तुला? मी म्हटलं, मिस्त्रींनी. ते सांगतात ते खोटं कसं असेल?"

परतताना पुलाच्या सांध्यावर पुन्हा टक् झालं. काकांनी या वेळी बघितलंसुद्धा नाही.

घराशी गाडी थांबली तेव्हा सून फाटकात उभीच होती. काका लगेच उतरले नाहीत. सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालून ते काहीतरी चाचपत राहिले, आणि त्यांनी एक किल्ली बाहेर काढली. दुसरी किल्ली. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली.

"मुलाला सांगितलं होतं हरवली म्हणून," ते पुटपुटले. "वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही याल आणि म्हणाल की काका, गाडीच थरथरत होती. म्हणून ठेवली होती. आता कशाला हवी? घ्या."

त्यांनी ती पुढे केली. किल्ली त्यांच्या बोटांत लटलट हलत होती, कड्यावर किणकिण वाजत होती, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं तरी थांबत नव्हती. इथे पंखा नव्हता. फाटकातून सून बघत होती.

मिस्त्रीने ती घ्यायला हात पुढे केला. त्याचा हात दगडासारखा स्थिर होता, जराही हलला नाही.